आईच्या किडनीत गाठ, दोन रिपोर्ट झाले, आता तिसरी टेस्ट कशाला?

पत्र असं आलंय, नावं काढून थोडक्यात देते:

"ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आई ६१ वर्षांची, शुगर १४ वर्षांपासून. मागच्या महिन्यात पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले ते निघालेच, वर उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला २.६ सेंटीमीटरची 'कॉम्प्लेक्स सिस्ट' लिहून आली. डॉक्टरांनी डाय (शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं औषध) देऊन सीटी करायला सांगितला, पण क्रिएटिनिन (किडनी कमी काम करते तेव्हा रक्तात वाढतं ते) १.७ निघालं म्हणून सेंटरवाल्यांनी डाय न देता साधाच सीटी केला. त्यात गाठ २.९ सेंटीमीटर, '४८ एचयू, इनडिटरमिनेट' असं लिहिलंय. चरबी नाही, कॅल्शियम नाही म्हणे. लॅबच्या कागदावर ईजीएफआर (किडन्या किती काम करतात त्याचा आकडा, कमी म्हणजे वाईट) ३४ आहे. आता डॉक्टर म्हणतात एमआरआय करा. महिन्याभरात गाठ ३ मिलिमीटर वाढली का हो? आत्या म्हणते हे सगळं कमिशनचं चाललंय, करायचंच तर एकदाच पेट स्कॅन करून मोकळे व्हा. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो किडनीच काढून टाका, एका किडनीवर माणूस आरामात जगतो. आईला आम्ही अजून काही सांगितलं नाही, तिला वाटतंय खड्यांचंच सुरू आहे. सगळ्यात बेस्ट टेस्ट कोणती ते एकदाचं सांगा, तीच करू."

दादा, आधी ते ३ मिलिमीटरचं सांगते, कारण मला माहितीये तुमची झोप त्यानेच उडालीय. गाठ वाढलेली नाही. म्हणजे या दोन आकड्यांवरून ती वाढली असं कोणीही म्हणू शकत नाही. सोनोग्राफीत डॉक्टर हाताने प्रोब तिरका करत करत गाठ शोधतात आणि जिथे नीट दिसली तिथे थांबून माप घेतात, सीटीत सरळ काप पडतात आणि त्यातल्या सर्वात मोठ्या कापावर माप घेतात. लंबगोल बटाटा आडवा मोजला की वेगळा आकडा येणार आणि तिरका मोजला की वेगळा, बटाटा तोच असतो. शिवाय किडनीतल्या छोट्या गाठी, अगदी कॅन्सरच्या असल्या तरी, सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटरने वाढतात, महिन्याला नाही. माझ्या सख्ख्या मावशीचं हेच झालं होतं. दोन सेंटरचे दोन रिपोर्ट, एकात २.१ आणि एकात २.६, घरात रडारड, भाऊ रात्रीच्या गाडीने निघाला. मी दोन्हीच्या फिल्म मागवून एकाच दिशेत मोजल्या तर फरक एका मिलिमीटरचा सुद्धा नव्हता. रिपोर्ट दोन्ही बरोबर होते, फक्त दोघांनी एकमेकांची फिल्म बघितलेली नव्हती.

आणि माझं सगळं म्हणणं खरं तर यातच आलं, पुढे फक्त ते उलगडून सांगते.

बेस्ट टेस्ट कोणती असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे ही चित्रं वाचणारी डॉक्टर, हा प्रश्न मला तीस वर्षं लोक विचारतायत, आणि लोकांच्या डोक्यात एक शिडी असते, खाली सोनोग्राफी, मग सीटी, मग एमआरआय, सगळ्यात वर पेट, जितकं महाग तितकं भारी. तसं नाहीये ते. ही चार वेगवेगळी माणसं आहेत असं समजा, प्रत्येकाला वेगळंच काहीतरी दिसतं आणि प्रत्येकाला काहीतरी दिसत नाही.

सोनोग्राफी आवाजावर चालते. पाणी असेल तर आवाज आरपार जातो, चित्रात ती जागा पूर्ण काळी दिसते आणि तिच्या मागचा भाग उजळतो. पातळ भिंत, आत कुट्ट काळं, मागे उजेड, एवढं दिसलं की ती साधी पाण्याची पिशवी, म्हणजे सिस्ट, तिथेच विषय संपला, पुढे काही करायचं नाही. पन्नाशीनंतर अशा पिशव्या इतक्या लोकांच्या किडनीत असतात की आम्ही त्या पांढऱ्या केसांसारख्या धरतो. पण तुमच्या आईच्या पिशवीत आत काहीतरी कण दिसले म्हणून 'कॉम्प्लेक्स' लिहिलं. हा शब्द वाचून लोक घाबरतात पण त्याचा अर्थ 'कॅन्सर' नाही, त्याचा अर्थ 'साधी नाही, मला सोनोग्राफीत उत्तर मिळत नाहीये' एवढाच. ते कण जुन्या रक्ताचे असू शकतात, घट्ट झालेल्या पाण्याचे असू शकतात, पू असू शकतो, किंवा खरोखरची मांसाची गाठ सुद्धा असू शकते.

सीटीला आवाजाशी घेणंदेणं नाही, तो एक्स-रे मारतो आणि वस्तू किती दाट आहे ते आकड्यात सांगतो. तो आकडा म्हणजेच तुमच्या रिपोर्टमधलं एचयू. ज्या हाउन्सफिल्ड साहेबांनी सीटी बनवला (त्यासाठी १९७९ चं नोबेल त्यांना आणि कॉरमॅक यांना मिळून मिळालं) त्यांच्या नावाने हे माप आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे वजा हजार, चरबी शून्याच्या बरीच खाली. पाण्याची पिशवी साधारण २० च्या आत येते. आणि डाय न देता केलेल्या सीटीत पिशवी सगळीकडे एकसारखी असून ७० च्या वर आली तर ती जुन्या रक्ताची किंवा घट्ट झालेल्या पाण्याची निरुपद्रवी पिशवी असं बिनधास्त म्हणता येतं. गोची होते ती मधल्या पट्ट्यात, २० ते ७०. तिथे घट्ट पाणीही बसतं आणि मांसही बसतं. तुमच्या आईचा आकडा ४८. म्हणून इनडिटरमिनेट, म्हणजे नक्की सांगता येत नाही. त्या डॉक्टरांनी जबाबदारी टाळली असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही, त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, त्या एका सीटीवरून मी सुद्धा हेच लिहिलं असतं.

मग खरा प्रश्न उरतो तो एकच. गाठ रक्त पिते का? पिशवीतल्या पाण्याला रक्तपुरवठा नसतो, मेलेल्या रक्ताला नसतो, पण जिवंत मांसाला असतोच. म्हणून शिरेतून डाय देतात आणि आधी आणि नंतर आकडा बघतात. सीटीत आकडा २० ने किंवा जास्त वाढला तर गाठीने डाय घेतला, १० च्या आतच राहिला तर नाही घेतला, आणि मधे राहिला तर परत तेच, कळत नाही. इथे 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही लागतात हे लक्षात घ्या. डायचा सीटी करून आलेले कितीतरी लोक बघते ज्यांच्यात 'आधी'चं चित्रच घेतलेलं नसतं, कारण पोटदुखीसाठी केलेला सीटी होता, किडनीसाठी नव्हता, आणि मग गाठ ६० दिसतेय ती आधीपासून ६० होती की डाय पिऊन झाली ते देवालाच ठाऊक. तुमच्याकडे उलटं आहे, 'आधी' आहे, 'नंतर' नाही. पैसे वाया गेले असं अजिबात समजू नका. त्या साध्या सीटीने दोन कामाच्या गोष्टी सांगितल्यात, गाठीत चरबी नाही आणि कॅल्शियम नाही. कॅल्शियम एमआरआयमध्ये नीट दिसतच नाही, ते सीटीनेच सांगावं लागतं.

चरबीचं का महत्त्वाचं ते सांगते, कारण इथेच एक टेस्ट दुसरीला कशी सावरते ते कळतं. किडनीत एक चरबीची गाठ होते, अँजिओमायोलिपोमा तिचं नाव, ती कॅन्सर नसते, मोठी झाली (४ सेंटीमीटरच्या वर वगैरे) तर रक्तस्राव होऊ शकतो एवढीच काळजी. सोनोग्राफीत ती पांढरी शुभ्र चमकते. माझ्याकडे एक काका आले होते, तुकोगंजमधले, रिटायर्ड मास्तर, सोनोग्राफीत १.८ सेंटीमीटरचा पांढरा ठिपका, रिपोर्टवर 'बहुधा अँजिओमायोलिपोमा', ते वर्षभर निवांत. मग दुसऱ्याच कारणाने सीटी झाला तर त्या ठिपक्यात चरबीचा मागमूस नाही, सगळे आकडे शून्याच्या वर, आणि डाय दिल्यावर गाठ दिव्यासारखी पेटली. कॅन्सरच्या छोट्या गाठी पण कधीकधी सोनोग्राफीत तशाच पांढऱ्या दिसतात, हे पुस्तकात पहिल्याच वर्षी शिकवतात आणि तरी माणूस फसतो. काकांची गाठ तेवढीच काढली, किडनी राहिली, अजून सकाळी नेहरू पार्कला फिरतात. सोनोग्राफी चुकीची होती का? नाही, तिने पांढरं दिसतंय तेच सांगितलं, पांढरं म्हणजे काय ते तिला सांगता येत नाही, ते सीटीला येतं.

आता एमआरआय. तुमच्या डॉक्टरांनी योग्यच सांगितलंय आणि तुमच्या आईसाठी त्याची कारणंही आहेत. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. जुनं रक्त किंवा प्रोटीनने घट्ट झालेलं पाणी त्याच्या एका सिक्वेन्समध्ये, टी-वन म्हणतात त्यात, आपणहून पांढरं चमकतं, डाय द्यायच्या आधीच अर्धं उत्तर मिळतं. आणि मग डाय देऊन जे चित्र येतं त्यातून आधीचं चित्र कॉम्प्युटरवर वजा करतात. हे मला आजही बघायला आवडतं. डावीकडे डायच्या आधीचं, मधे डायनंतरचं, दोन्हीत गाठ पांढरीच, डोळ्याला फरक कळत नाही. उजवीकडे वजाबाकी. किडनी सगळी उजळलेली, आणि गाठीच्या जागी गोल काळंभोर भोक. म्हणजे जे पांढरं होतं ते सगळं आधीपासूनचं होतं, गाठीने डायचा थेंबही घेतलेला नाही. असं भोक दिसलं की मी खुर्चीत मागे टेकून बसते, पेशंटच्या घरच्यांना बोलवायला सांगते. आणि त्या काळ्या भोकात कडेला एखादा छोटासा उजळ कोंब दिसला तर मात्र सरसावून बसते, कारण तोच कोंब महत्त्वाचा असतो, साध्या सीटीत तो बापजन्मी दिसला नसता.

पण ही वजाबाकी जमायची तर दोन्ही वेळा किडनी त्याच जागी हवी. आपण श्वास घेतला की किडनी खाली सरकते, सोडला की वर येते. आईने एकदा पूर्ण श्वास सोडला आणि दुसऱ्यांदा अर्धाच सोडला तर वजाबाकीत खोट्याच कडा उजळतात. बहुतेक ठिकाणी श्वास सोडून पंधरा-वीस सेकंद रोखायला सांगतात, परत परत. म्हणून आतापासून घरी रोज सराव करून घ्या, आई पलंगावर उताणी, तुम्ही शेजारी घड्याळ घेऊन, "श्वास घ्या, सोडा, थांबा". सराव झालेल्या बाईचा एमआरआय आणि न झालेल्या बाईचा एमआरआय यात इतका फरक पडतो की मशीन बदलल्यासारखं वाटतं.

डायची भीती वाटत असेल तर ती बरोबरच आहे, क्रिएटिनिन १.७ आहे म्हटल्यावर विचारायलाच हवं. एमआरआयचा डाय वेगळा असतो, गॅडोलिनियमचा. त्यातल्या जुन्या प्रकारांनी किडनी फार खराब असलेल्या लोकांची त्वचा कडक व्हायचा एक वाईट आजार व्हायचा, म्हणून ईजीएफआर ३० च्या खाली असला की सगळे सावध असतात. आईचा ३४ आहे, आणि आता जे प्रकार वापरतात (त्यांना ग्रुप टू म्हणतात) त्यांत हा धोका अगदीच कमी आहे. सेंटरला फोन करून सरळ विचारा, "ग्रुप टू वापरता का?", ज्याला माहितीये तो लगेच सांगेल. तसं बघायला गेलं तर ३४ ला सीटीचा डाय पण अगदीच बंद नसतो, मुख्य धोका ३० च्या खालीच धरतात, सेंटरवाल्यांनी डाय न देता परत पाठवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एक फोन करायला हवा होता असं मला वाटतं. पण झालं ते झालं, आणि १४ वर्षांची शुगर आहे म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला तर त्यांच्यावर फार चिडू नका.

आणखी एक पर्याय पण आहे जो लोकांना माहितीच नसतो, डायची सोनोग्राफी. यात शिरेतून बारीक बारीक गॅसचे बुडबुडे सोडतात, लाल पेशीएवढे किंवा त्याहून लहान, ते रक्तवाहिनीच्या बाहेर पडतच नाहीत, आणि काम झालं की गॅस श्वासातून बाहेर निघून जातो. किडनीतून नाही! म्हणून ईजीएफआर ३४ असो की १४, किडनीवर भार नाही. गाठीत एक बुडबुडा जरी फिरताना दिसला तरी कळतं की रक्तपुरवठा आहे, आणि हे सगळं डोळ्यासमोर चालू असताना दिसतं. अडचण एवढीच की हे सगळीकडे करत नाहीत, करणाऱ्याचा हात तयार हवा, पोटात गॅस असला किंवा माणूस जाड असला तर नीट दिसत नाही. आणि ती इतकी बारीक बघते की पिशवीतल्या निरुपद्रवी पडद्यातला एखाददुसरा बुडबुडा पण पकडते आणि कधीकधी उगाच गाठीचा दर्जा, म्हणजे संशयाची पायरी, वर जातो. एमआरआय करूनही संशय राहिला तर याबद्दल डॉक्टरांशी नक्की बोला.

(ज्यांची गाठ दीड सेंटीमीटरपेक्षा लहान आहे त्या वाचकांसाठी मधेच सांगते. डायच्या सीटीत भोवतालची किडनी इतकी चमकते की आतल्या छोट्या पिशवीचा आकडा खोटाच दहा-पंधराने वाढतो. 'गाठ थोडी डाय घेतेय' असा रिपोर्ट आला आणि गाठ एवढीशी असेल तर ऑपरेशनचं बोलणं करण्याआधी एमआरआय किंवा बुडबुड्यांची सोनोग्राफी मागा.)

आत्यांच्या पेट स्कॅनबद्दल. पेटमध्ये किरण सोडणारी साखर देतात, ती जिथे जमते तिथे चित्र उजळतं, पण ती लघवीतून बाहेर पडते, म्हणजे किडनी मुळातच लखलखत असते, त्यात गाठ शोधायची म्हणजे ट्यूबलाइटवर बसलेला काजवा शोधायचा. वर आईला शुगर, रक्तात साखर जास्त असली की हे चित्र आणखी बिघडतं. किडनीतल्या पहिल्यावहिल्या गाठीसाठी हा पेट कामाचा नाही, आत्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे पण सांगा.

कमिशनचं मात्र मी उडवून लावणार नाही. तसं होतं, आमच्याच धंद्यात होतं, आणि गीता भवनपासून पलासियापर्यंत सेंटरचे इतके बोर्ड बघून माणसाला संशय आला तर त्यात त्याची चूक नाही. पण संशय तपासायचा एक सोपा मार्ग आहे. डॉक्टरांना विचारा, "या टेस्टचा रिपोर्ट असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय करणार?" दोन्हीला एकच उत्तर आलं तर टेस्ट करू नका. तुमच्या आईच्या बाबतीत मीच उत्तर देते. गाठीने डाय घेतला नाही तर सुट्टी, फार तर पुढे एखादी सोनोग्राफी. घेतला तर तिला दर्जा द्यायचा आणि त्यावर पुढचं ठरवायचं. दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत, म्हणून ही टेस्ट करायची.

दर्जाचं म्हणाल तर न्यूयॉर्कला बोसनियाक नावाचे रेडिओलॉजिस्ट होते, त्यांनी १९८६ मध्ये पिशव्यांच्या पायऱ्या लावून दिल्या, आजही जगभर त्यांच्याच नावाने चालतात, २०१९ मध्ये त्या सुधारून त्यात एमआरआय पण नीट बसवला. एक आणि दोन म्हणजे विसरून जा. दोन-एफ म्हणजे ठरलेल्या काळाने परत बघत राहा, बहुतेक निरुपद्रवी निघतात. तीन म्हणजे साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. चार म्हणजे दहातल्या नऊ. रिपोर्ट हातात आला की त्यात हा आकडा शोधा. आणि लिहिलेला नसेल तर फोन करून विचारा, तुमचा हक्क आहे. हे पिशवीसाठी झालं, गाठ पूर्ण मांसाची निघाली तर ह्या पायऱ्या लागू होत नाहीत, तिथे मग सुईने तुकडा काढून तपासायचा पर्याय येतो. सुई लावली की कॅन्सर पसरतो असं घरात कोणीतरी म्हणेलच, किडनीत तसं होणं फार दुर्मिळ आहे.

मामेभावाला मात्र माझ्यातर्फे ठणकावून सांगा. एका किडनीवर माणूस जगतो हे खरं, पण ती एक किडनी धडधाकट असेल तेव्हा. आईच्या दोन्ही किडन्या मिळून ३४ वर चालतायत. त्यातली एक काढली आणि गाठ साध्या जुन्या रक्ताची निघाली तर? ४ सेंटीमीटरच्या आतल्या मांसाच्या गाठींमध्ये सुद्धा पाचातली एक तरी निरुपद्रवी निघते. आणि अगदी कॅन्सर निघालाच तरी एवढ्या गाठीला शक्य असेल तिथे फक्त गाठ काढतात, किडनी ठेवतात, किंवा गाठ जाळतात, किंवा वय आणि बाकी आजार बघून नुसती नजर ठेवतात. आईसारख्यांसाठी किडनीचा एकेक तुकडा मोलाचा आहे.

आता माझं मुख्य म्हणणं, ज्यासाठी एवढं लिहिलं. या सगळ्या टेस्टचा उपयोग तेव्हाच जेव्हा एक माणूस त्या सगळ्या एकत्र बघतो. तुमच्याकडे आत्ता काय आहे? सोनोग्राफीचा कागद एका सेंटरचा, सीटी दुसऱ्या सेंटरचा, एमआरआय करणार तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाने आपापलं लिहून हात झटकायचे, मग तुमच्या डॉक्टरांनी तीन कागद शेजारी ठेवून अंदाज बांधायचा. असं नको. एमआरआयला जाताना सीटीची सीडी न्या. नुसता रिपोर्ट नाही, नुसत्या फिल्मही नाही, सीडी. मिळाली नसेल तर आजच जाऊन मागून आणा. सोनोग्राफीच्या फोटोंचा तो गुळगुळीत कागद पण न्या, तो फेकला नसेल अशी आशा करते. काउंटरवर देऊन चालणार नाही, काउंटरवरून जुने रिपोर्ट आणि सीडी बऱ्याचदा न उघडताच परत येतात. रेडिओलॉजिस्टना पाच मिनिटं भेटायचंय असं सांगा आणि त्यांना म्हणा, "सर किंवा मॅडम, जुना सीटी बघून, त्याच्याशी तुलना करून रिपोर्ट लिहा प्लीज." ही एक ओळ.

कारण काय होतं सांगते. माझ्यासमोर दोन स्क्रीन असतात. डावीकडे सीटी, उजवीकडे एमआरआय, दोन्ही एकाच कापावर आणून बांधून टाकते आणि मग माउसचं चाक फिरवलं की दोन्ही बरोबर सरकतात. सीटीत जिथे ४८ आहे तिथेच एमआरआयमध्ये काय आहे, सोनोग्राफीत जे कण दिसले ते याच कोपऱ्यात होते का, सीटीने कॅल्शियम नाही म्हटलंय मग एमआरआयमधला हा काळा ठिपका कशाचा. असं दहा मिनिटं वरखाली केलं की तीन अर्धवट उत्तरांचं एक पूर्ण उत्तर होतं. आता तर अशी सोनोग्राफी मशीन्स आहेत ज्यात एमआरआय आधी भरून ठेवतात आणि पोटावर प्रोब फिरवला की शेजारी एमआरआयचा तोच काप आपोआप फिरतो, सुई लावायची असेल तेव्हा फार कामाला येतं. पण मशीन नसलं तरी चालतं, तीनही चित्रं एका माणसाच्या डोळ्यासमोर येणं जास्त महत्त्वाचं.

तयारीचं पटकन सांगते. शुगर आहे हे सेंटरला आधीच सांगा आणि सकाळचा पहिला नंबर मागा, काही तास पोट रिकामं ठेवायला सांगतात, त्या दिवशी पोहे-जिलबी टेस्ट झाल्यावर. गोळी किंवा इन्शुलिन त्या सकाळी घ्यायचं का ते आईच्या डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने ठरवू नका. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं मशीन, कधी कुठे बसवलेला स्टेंट किंवा रॉड, जे असेल ते सांगायचं. बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना घरीच काढून ठेवा, बांगडी निघत नसेल तर आदल्या रात्री साबण लावून काढा, तिथे ऐन वेळी फार त्रास होतो. आणि मशीन मोठ्याने ठकठक करतं, त्यात अर्धा-पाऊण तास जातो, हे आधी सांगून ठेवा.

आणि म्हणूनच, आईला सांगा. तुम्ही प्रेमाने लपवलंय हे कळतंय मला, आपल्याकडे घरोघरी हेच करतात. पण खड्यांसाठी श्वास रोखायचा सराव कोण करतं? ६१ वर्षांची बाई आहे, १४ वर्षं शुगर सांभाळतेय, तुम्हा सगळ्यांचे चेहरे बघून तिला काहीतरी कळलेलंच असणार, आणि तिने जे मनात धरलंय ते बहुधा खऱ्यापेक्षा वाईट असेल. दुपारी चहाच्या वेळी, आत्या नसताना, एवढंच म्हणा: "आई, खडे बघताना किडनीत एक छोटी पिशवी दिसली. पाण्याची आहे का आणखी कशाची ते अजून कळलं नाही. ते कळायला एक टेस्ट आहे, आणि ती चांगली व्हायला तुझी मदत लागणार आहे, श्वास रोखायचाय." मग घड्याळ घ्या आणि तिच्याबरोबर तुम्ही पण रोखून बघा.

रिपोर्ट आला की सदरात परत लिहा. चित्रातलं वर्णन पूर्ण लिहा, नुसता शेवटचा परिच्छेद नको.